शिंगाड्याच्या हिरव्या मुळ्या

गिरजाबाईनं घमेलं माझ्या टेबलावर उलटं केलं तेव्हा मी चहा पिऊन राहिली होती. पाणी, चिखल, पानं, वेल, सगळं धपकन हजेरीपटावर आलं. एक गोगलगाय तर सरळ माझ्या बशीत उतरली.

"घ्या मॅडम," गिरजाबाई म्हणाली. "आता सांगा, हे काय होय?"

मी रेणू. लाखांदूर तालुक्यात बोडीटोला नावाचं गाव आहे, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मूळची तुमसरची. घरामागं राईस मिल, दिवसभर घरघर, त्या आवाजावर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. ते ओरडणं अजून माझ्या गळ्यातून गेलं नाही. मले राग लवकर येते आणि आला की तोंडाले कुलूप राहत नाही, हे शाळेतल्या बाकाबाकाले माहीत आहे. पण त्या दिवशी मी ओरडली नाही, पहिले हजेरीपट चिखलातून ओढून घेतला. ती वेल माझ्याच बोलण्याचा जवाब म्हणून आली होती, हे मले पाहताबरोबर समजलं.

गोष्ट दोन दिवसांआधीची. भंडाऱ्याले जिल्ह्याचा विज्ञान मेळावा भरणार होता. दरेक शाळेतून एकच नाव पाठवायचं. ज्याचा पहिला नंबर येईल त्याले पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस शिकाले भेटणार होतं. आमच्या शाळेतलं कोणी आजवर तालुक्याच्या बाहेर गेलं नव्हतं. म्हणून मी अकरावीची पंचवीस मार्कांची परीक्षा घेतली आणि सांगून टाकलं, जो पुढं येईल त्याचं नाव जाईल, यात कोणाची वशिलेबाजी चालणार नाही.

हर्षा याच वर्गातली. वर्गात बोलत नाही, पण तिची वही पाहिली की मनाले बरं वाटते, अशी पोट्टी. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक तीन आहेत, त्यातला एकच चालते, आणि त्याच्यासमोरून या पोट्टीले हटवता हटवता घंटा होऊन जाते. पुण्याचं नाव ऐकलं त्या दिवशी ती माझ्या मागं मागं वऱ्हांड्यात आली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तिथचे सूक्ष्मदर्शक किती मोठे असतात?" मी म्हटलं, "जा, पाहून ये आणि मले सांग." तेव्हापासून ती रोज शाळा सुटल्यावर तास-तास बसून अभ्यास करे.

परीक्षेतला शेवटचा प्रश्न लवकांचा होता. लवक म्हणजे वनस्पतीच्या पेशीत राहणारे बारीक दाणे. हिरवे असले तर हरितलवक, ते उन्हावर अन्न शिजवतात. पिवळे-लाल असले तर वर्णलवक, ते पिकल्या टमाट्यात भेटतील, झेंडूच्या फुलात भेटतील. बिनरंगाचे असले तर अवर्णलवक, ते बटाट्यात, कंदात, मुळात पीठ साठवून बसलेले असतात. झाडाझुडपात असतात, तळ्यातल्या शेवाळात असतात, माणसात नाही, म्हशीत नाही, बुरशीत नाही. प्रश्न सोपा होता. वनस्पतीच्या कोणत्या भागात कोणतं लवक असते ते लिहा, मार्क दोन.

मुळाच्या रकान्यात हर्षानं लिहिलं होतं, 'अवर्णलवक. पण शिंगाड्याच्या मुळांत हरितलवक असते.'

माझं डोकं सणकलं. एवढी हुशार पोट्टी आणि हे काय लिहून ठेवलं? मी पेपर वाटतानाच ते उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. "अगं माझे माय," मी म्हटलं, "मूळ राहते मातीत. मातीत राहते अंधार. तिथं हरितलवक काय कंदील घेऊन गेलं का?"

वर्ग हसला. हर्षा उभी राहिली. तिचा आवाज बारीक, पण हालला नाही.

"मॅडम, मी पाहिलं आहे."

"पाहिलं? काहून, तुमच्या बोडीतल्या पाण्याखाली सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे का?"

आता तर पोरं बाक वाजवून हसू लागली. आणि एवढ्यावर मी थांबावं की नाही? नाही थांबली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "चुकलं तर चुकलं म्हणावं, हर्षा. खोटं बोलू नये."

लाल पेनची फुली मारली, दोन पैकी शून्य. हर्षाले तेवीस, वर्गातल्या प्रफुल्लले चोवीस. मी प्रफुल्लचं नाव हेडसरांकडं देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी हर्षा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची माय आली, घमेलं घेऊन.

गिरजाबाईच्या घरचे लोक बोडीच्या काठावर धानाची शेती करतात आणि बोडीत शिंगाडा लावतात. शिंगाड्याच्या फळाले दोन टोकदार शिंगं असतात. ती तोडणाऱ्या बाईच्या बोटांत रोज घुसतात. गिरजाबाईच्या दाही बोटांवर त्याचे काळे डाग होते. त्याच बोटांनी तिनं माझ्या टेबलावरची वेल सरळ केली.

"माही पोट्टी दोन दिसापासून बोडीत आहे," ती म्हणाली. "म्हनते, मॅडमनं मले साऱ्याइच्या समोर खोटी म्हनलं, आता कोनत्या तोंडानं जाऊ. मॅडम, तिचं चुकलं असन तर तुमी तिले मारा, मी काहीच म्हननार नाही. पन खोटी? ते मी आयकून नाही घेनार."

"बसा ना बाई," मी म्हटलं.

"मी बसाले नाही आली. हे पाहा. हे पान, हे पान्यावर तरंगते. हे फुगलेलं देठ, याच्यात हवा हाय. हे खाली गेलेली दोरी. आन् ह्या मुया."

दोरीसारख्या खोडाले जागोजागी गाठी होत्या. दरेक गाठीतून बारीक बारीक मुळ्या निघाल्या होत्या, झालरीसारख्या पसरलेल्या. आणि त्या हिरव्या होत्या. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या गवताएवढ्या हिरव्या.

उपासाले मी शिंगाड्याचं पीठ खाल्लं आहे, उकडलेले शिंगाडे टोपलंभर खाल्ले आहेत. पण पाण्याखालची वेल? आमच्या तुमसरात शिंगाडा येते तो पोत्यात बसून. मी जन्मात पाहिली नव्हती. तरी हार मानेल ती रेणू कसली?

"अवो बाई, याले शेवाळ लागलं असेल," मी म्हटलं.

गिरजाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली, वेल तिच्यात बुडवली आणि धुण्यासारखी खसाखसा चोळली. पाणी गढूळ झालं. मुळ्या आणखी हिरव्या दिसू लागल्या.

"आता?" ती म्हणाली. "तुमच्याकडे काच आहे ना पाहाची? कापा आन् पाहा. वीस वर्सापासून मी या वेलीत हात घालून राहिली. माह्या पोट्टीनं चालाले शिकाच्या आधी ह्या मुया पाहिल्या हायेत."

मी चहा तसाच ठेवला. बशीतल्या गोगलगायीले बादलीत सोडलं आणि गिरजाबाईले घेऊन प्रयोगशाळेत गेली.

ब्लेडनं हिरव्या मुळीचा बारीक काप घेतला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात काप, वरून पातळ काच. डोळा लावला. पहिले सगळं धूसर. मंग स्क्रू फिरवता फिरवता एकदम साफ झालं. लहान लहान खोल्या, एकीले लागून एक. आणि दरेक खोलीच्या आत, भिंतीले चिकटून, हिरवे गोल दाणे. शेवाळ असतं तर भिंतीच्या बाहेर असतं. हे आत होते, पेशीच्या आत, जिथं मी अकरा वर्षांपासून फक्त 'अवर्णलवक' लिहून घेत होती.

मी दुसरा काप घेतला. वेलीच्या बुडाशी, चिखलात रुतलेली मुळी होती, ती पांढरी. तिच्यात खोल्या तशाच, पण हिरवं काहीच नाही. एकच वेल. अंधारातली मुळी पांढरी, उजेडातली हिरवी.

मले लाज वाटली. लय लाज वाटली, कान गरम झाले. पण खोटं काहून सांगू, त्या लाजेसोबत आनंदही झाला. इतका की मी टेबलावर हात आपटला आणि काचपट्टी पडता पडता वाचली.

"काय झालं?" गिरजाबाई घाबरली.

"इकडे या. एक डोळा बंद करा, एक इथं लावा."

तिनं हातानं एक डोळा झाकला, वाकली. पहिले म्हणे काहीच नाही दिसत. मी स्क्रू थोडा फिरवला. मंग ती एकदम दचकून मागं झाली आणि पुन्हा वाकली.

"अगाई! मुगाची डाळ सांडल्यावानी दिसते. हे माह्या बोडीतलं होय?"

"हाव. तुमच्याच बोडीतलं. हेच हरितलवक."

तिनं डोळा काढला नाही. तशीच वाकून विचारलं, "मंग माही पोट्टी खरी?"

"खरी," मी म्हटलं. "मी चुकली."

"मले सांगून काय फायदा मॅडम? तिले सांगा."

स्कूटीवर गिरजाबाईले मागं बसवलं आणि बोडीवर गेली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. सकाळचं ऊन होतं, पाण्यावर शिंगाड्याची पानं अशी दाट पसरली होती की पाय ठेवून चालत जावं वाटे. मधात डोंगा, आणि डोंग्यात हर्षा, पानं उलटी करून करून शिंगाडे तोडून राहिलेली. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी, एवढीशी.

मी काठाच्या पाळीवरून आवाज दिला. "हर्षा! तुझं बरोबर आहे! मी पाहिलं, हरितलवक आहे!"

बगळे उडाले. हर्षानं मान वर केली. डोंगा हळूहळू काठाले आणला.

"बसता का मॅडम?" तिनं विचारलं.

मले पोहता येत नाही. पण नाही म्हणाची सोय नव्हती. मी देवाचं नाव घेतलं आणि डोंग्यात पाय टाकला. डोंगा असा हालला की माझ्या तोंडातून माझी माय, आजी, सगळ्या निघाल्या. पाळीवर गिरजाबाई पदर तोंडाले लावून हसून राहिली होती. हर्षानं मधात नेऊन एक पान बाजूले सारलं.

"खाली पाहा."

पाणी नितळ होतं. ऊन हातभर, दोन हात खाली जाऊन राहिलं होतं आणि त्या उन्हात मुळ्या हलत होत्या, हिरव्यागार. मातीचा पत्ताच नाही. मुळी म्हणजे माती आणि माती म्हणजे अंधार, हे मी पुस्तकातून उचललं आणि डोळे मिटून शिकवत राहिली. या पोट्टीनं जे रोज समोर दिसते ते लिहिलं.

"माझं चुकलं, हर्षा," मी म्हटलं. "चाल, उद्यापासून शाळेत ये."

ती डोंग्याच्या काठाले हात लावून बसली होती. तिनं खाली पाहतच म्हटलं, "मॅडम, तुम्ही वर्गात म्हटलं होतं. वर्गातच सांगा."

माझा पारा चढला. मी तुझी मॅडम, स्वतःहून इथवर आली, डोंग्यात बसली, आणि तू मले अट घालते? हे सगळं ओठावर आलं आणि मी रागानं उभी राहाले गेली. पण डोंग्यात उभं राहून कोणाले रागावता येत नाही, डोंगा उलटते. मुकाट्यानं खाली बसावं लागलं. आणि खाली बसल्यावर समजलं, पोट्टी बरोबर बोलून राहिली होती. मी तिले चाळीस जणांच्या समोर खोटी म्हटलं आणि आता पाण्याच्या मधात, बगळ्यांच्या समोर, खरी म्हणून मोकळी होऊन राहिली होती.

"सांगते," मी म्हटलं. "वर्गातच सांगते. आता मले काठावर ने."

दुसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक वर्गात नेला. पहिले दरेकाले पाहाले लावलं, एकेक करून, हिरवी मुळी आणि पांढरी मुळी. कोणी हसलं नाही. मंग मी फळ्यासमोर उभी राहिली.

"त्या दिवशी मी हर्षाले खोटी म्हटलं. ती खरी होती. तिनं पाहून लिहिलं, मी न पाहता फुली मारली. मी तिची माफी मागते. आणि तिचे मार्क आता पंचवीस पैकी पंचवीस."

हर्षानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण ओठ दाबून ती ताठ बसली होती. मंग मागून प्रफुल्ल उठला. मी म्हटलं, आता हा भांडते, आणि भांडला तर त्याचंही बरोबरच आहे.

"मॅडम, मंग भंडाऱ्याले हर्षाच जाईल ना?" तो म्हणाला. "बरं झालं बाप्पा. मले माईक पाहिला की पोटात दुखते. परवापासून आई लिंबू-पाणी पाजून राहिली."

त्यावर मात्र वर्ग हसला, हर्षाही हसली.

राहिले आमचे हेडसर, भैय्यालाल सर. माणूस भला, पण एकदा पाठवलेला कागद वापस बोलवायचा म्हटलं की त्यांले ताप येते. "नाव गेलं मॅडम," ते म्हणाले. "आता कसं बदलणार? कारण काय लिहू?"

"लिहा, शिक्षिकेनं पेपर चुकीचा तपासला."

"असं लिहिते का कोणी?"

"मी लिहिते. द्या पेन."

मीच लिहिलं, मीच सही केली, आणि सरांची सही होईपर्यंत टेबलासमोरून हालली नाही. कागद त्याच दिवशी गेला.

मेळाव्याले दहा दिवस होते. हर्षानं टोपल्यांएवढे दोन टब मागवले, त्यांत बोडीचं पाणी भरलं, शिंगाड्याच्या कोवळ्या वेली सोडल्या. एक टब उन्हात, दुसऱ्यावर जाड गोणपाट. आठ दिवसांनी गोणपाट काढलं तर झाकल्या टबातल्या नव्या मुळ्या पांढऱ्या, उन्हातल्या हिरव्या. पोट्टी टबाभोवती नाचली. मी पण नाचली असती, पण हेडसर खिडकीतून पाहून राहिले होते.

एक दिवस तिनंच विचारलं, "मॅडम, कोणी म्हटलं की हे मूळ नाही, पाण्यातलं पान आहे, तर?"

मी पुस्तकं काढली. खरंच काही जाणकारांनी तसंही म्हटलेलं होतं. मी डोकं धरून बसली. हर्षा खिडकीबाहेर पाहून राहिली होती. शाळेच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे, तिच्या मुळ्या वरून दोऱ्यांसारख्या लोंबत असतात. ती उठली, एक तोडून आणली, नखानं साल खरवडली. आतून हिरवी. काप घेतला, डोळा लावला, आणि मले जागा करून दिली. दाणेच दाणे.

तक्ता करताना मी म्हटलं, "तुझा पेपर दे, ती फुली खोडून मार्क नीट करून देते." ती म्हणाली, "मॅडम, फुली नका खोडू. मले ती तक्त्यावर लावाची आहे. सगळ्यात पहिले." मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या मनात राग नव्हता. तिले गोष्ट जिथून सुरू झाली तिथूनच सांगाची होती. "लाव," मी म्हटलं. त्या रात्रभर मले वाटत राहिलं की नाही म्हणावं, पण नाही म्हटलं नाही.

भंडाऱ्याच्या हॉलमध्ये साठ टेबलं होती. सौर चूल, पाणी शुद्ध करणारं यंत्र, बटण दाबलं की बोलणारा रोबोट. आमच्या टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, दोन टब आणि चिखलाचा वास. गिरजाबाई नवं लुगडं नेसून आली होती आणि टबातल्या पाण्यात कोणी हात घालू नये म्हणून पहारा देऊन राहिली होती.

परीक्षक सर दुपारी आले. नागपूरकडचे प्राध्यापक, पांढरे केस, हातात मार्कांचा कागद. त्यांनी तक्त्यावरचं नाव वाचलं, 'मुळांतलं हरितलवक', आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मुळांत हरितलवक नसतं, बाळ. हे नववीच्या पुस्तकात आहे." आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

"सर, पाहून जा ना," हर्षा म्हणाली.

"अजून तीस टेबलं राहिली आहेत."

हर्षाचा चेहरा उतरला. दहा दिवसांची मेहनत, पुणं, सगळं त्या पाठमोऱ्या माणसासोबत चाललं होतं. माझा मिलवाला आवाज गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात मले डोंगा आठवला. मी श्वास घेतला आणि हळू आवाजात म्हटलं, "सर, एक मिनिट. ही लाल फुली पाहता का?"

ते थांबले. तक्त्यावर सगळ्यात वर हर्षाचा पेपर होता, तिचं उत्तर आणि त्यावर माझी फुली.

"ही कोणी मारली?"

"मी मारली, सर. मी हिची शिक्षिका. तुम्ही आता जे म्हटलं तेच मी म्हटलं होतं, आणि न पाहताच म्हटलं होतं. नंतर पाहिलं."

ते माझ्याकडं पाहत राहिले. मंग चष्मा वर सरकवला आणि वाकले. हर्षानं शिंगाड्याचा काप लावलेलाच होता. सर वाकले ते वाकलेलेच. बाजूचे लोक जमा होऊ लागले.

"हं," ते म्हणाले. "पण हे मूळ कशावरून? शिंगाड्याची ही पाण्यातली पानं आहेत, असंही एक मत आहे."

हर्षाचे डोळे चमकले. तिनं पटकन काचपट्टी बदलली. "सर, आता हे पाहा. ही गुळवेलीची लोंबती मुळी. याले तर पान कोणी म्हणत नाही."

सर पुन्हा वाकले. यावेळी बराच वेळ गेला. उठले तेव्हा त्यांनी टब पाहिले, गोणपाटाखालच्या पांढऱ्या मुळ्या हातात घेऊन पाहिल्या, दिवस विचारले, तारखांची वही मागितली. हर्षा एकेक सांगत गेली. आवाज बारीकच होता, पण कुठं अडला नाही. जाताना सर फक्त एवढंच म्हणाले, "लवक कुठं असतं, हे पेशीला उजेड कुठं भेटतो त्यावरही असतं. हे मी शिकवतो, आणि आज विसरलो होतो."

संध्याकाळी निकाल लागला. तिसरा नंबर सौर चुलीले. दुसरा रोबोटले. गिरजाबाईनं माझा हात धरला, तिच्या बोटांचे खरखरीत डाग माझ्या हातात रुतून राहिले होते.

"पहिला क्रमांक," माईकवरून आवाज आला, "बोडीटोला, कुमारी हर्षा."

पुढचं मले नीट आठवत नाही. गिरजाबाई रडून राहिली होती की हसून, तेही समजत नव्हतं. हर्षा मंचावर गेली, ढाल हातात घेतली. परीक्षक सरांनी माईक तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "सगळ्यांना सांग बाळ, हे तुला कोणत्या पुस्तकात सापडलं?"

हर्षानं पहिले मायकडं पाहिलं. मंग माझ्याकडं पाहिलं.

"पुस्तकात नाही, सर," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं."

मी उभी राहिली आणि तुमसरच्या मिलवरून पलीकडं जाईल अशा आवाजात ओरडली, "खरं आहे!" सगळ्या हॉलनं मान वळवून मागं पाहिलं. पाहू दे.